दोन बाजारांचा नियम : ऊसतोडीच्या अड्ड्यांवर सहा दिवस

पहिला दिवस : बार्शी

ऊसतोड मजुरांच्या मुक्कामांवर, म्हणजे अड्ड्यांवर, जाऊन कर्करोगाची सुरुवातीची लक्षणे सांगायची आणि तपासायची ही फेरी बार्शीतून निघाली, त्याला कारण आहे. १९८७ साली इथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके तिच्यात होते. शहरात अशा नोंदणीचे आकडे दवाखान्यांच्या दप्तरातून मिळतात. इथले कितीतरी रुग्ण दवाखान्याची पायरीच चढत नव्हते, मग दप्तरात नाव येणार कुठून? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, कोणती लक्षणे अंगावर काढू नयेत ते सांगत गेले आणि ज्यांना तशी लक्षणे होती त्यांना तपासणीला घेऊन आले. हेतू मोजणीचा होता. पण काही वर्षांतच दिसू लागले की गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येत आहेत. त्यावरचा शोधनिबंध १९९५ साली प्रसिद्ध झाला. समजेल अशा बोलीत सांगितलेले लक्षण आणि तपासणीपर्यंतची सोबत, एवढ्या भांडवलावर झालेले हे काम आहे.

या पद्धतीत एक गोष्ट गृहीत आहे : आज भेटलेली बाई पुढच्या महिन्यातही त्याच घरात सापडेल. ऊसतोड मजूर सापडत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीड, धाराशिव, जालना, परभणी, अहिल्यानगरकडच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. गावाकडची आशाताई घरोघरी सीबॅक फॉर्म (आजारांच्या धोक्याची प्रश्नावली) भरते तेव्हा हे घर कुलूपबंद असते आणि कारखान्याजवळच्या आशाताईच्या यादीत हे नावच नसते. दोन याद्यांच्या मधल्या फटीत माणूस राहतो. म्हणून ही फेरी जानेवारीत, ऐन हंगामात, अड्ड्यांवर नेली.

पहिला दिवस पिशव्या भरण्यात गेला, आणि तो गेलाच पाहिजे. पांढऱ्या उजेडाच्या दोन बॅटऱ्या लागतात. पिवळसर उजेडात तोंडातला पांढरा चट्टा फिका पडतो आणि निसटतो. जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या २००, कारण एका माणसाला दोन लागतात. हातमोजे, जीभ धरायला गॉझ, वापरलेल्या वस्तूंसाठी पिवळ्या पिशव्या, पिण्याच्या पाण्याचा स्वतःचा कॅन. गर्भाशयमुखाच्या तपासणीचे साहित्य मुद्दाम घेतले नाही. मजुरांच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, आडोसा नाही, टेबल नाही, हात धुवायला धड पाणी नाही. तिथे ती तपासणी करणे म्हणजे बाईचा अपमान, आणि निष्कर्षही भरवशाचा नाही. अड्ड्यावर फक्त तोंड तपासायचे, बाकीचे बोलायचे आणि चिठ्ठी द्यायची.

चित्रांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. तंबाखूच्या पुड्यांवर फाटलेल्या गालाचे, सडलेल्या जबड्याचे फोटो असतात. माणूस आरशात पाहतो, स्वतःच्या गालातला नखाएवढा चट्टा त्या फोटोशी ताडतो आणि म्हणतो, आपलं तसं नाही. झाले, सहा महिने गेले. म्हणून फलकावर फक्त सुरुवातीची चित्रे घेतली : न पुसला जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल डाग, जिभेच्या कडेची छोटी जखम, स्तनावर पडलेली खळी, आत ओढले गेलेले बोंड. भयंकर चित्र एकही नाही.

चिठ्ठी तीन प्रतींची. पहिली रुग्णाला, दुसरी दवाखान्यात आधी पाठवायला, तिसरी गावाकडच्या आशाताईला. टोळीचा म्होरक्या असलेल्या मुकादमाला यातली एकही नाही. त्याला वेगळा कागद, त्यावर फक्त नाव आणि कोणत्या दिवशी दवाखाना आहे एवढेच. कोणाला काय झाल्याचा संशय आहे हे मुकादमाला कळले, तर पुढच्या हंगामाला त्या जोडीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळणे अवघड होते.

दुसरा दिवस : टेंभुर्णीच्या बाजूचा अड्डा

कुर्डुवाडीमार्गे उतरलो की भीमेच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना ऊस लागतो. अड्डा रस्त्याच्या कडेला, मोकळ्या रानात : बांबूवर पाचट आणि ताडपत्री टाकलेल्या कोप्या, मधून बैलांची दावण, कडेला टायरगाड्या. दुपारी तिथे म्हातारी माणसे आणि पोरे सोडून कोणी नसते. दुपारी बारा वाजता शिबिर लावून पन्नास जणांचा ग्रुप फोटो काढणारे असतात. त्या पन्नासांत तोडणारा एकही नसतो. खरी वेळ संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. त्यानंतर माणसे झोपतात, कारण पहाटे तीन-चारला उठायचे असते.

आधी मुकादमाशी बोलणे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयत्याने एक दिवस बुडवला की खाडा धरला जातो आणि तो पैसा उचलीत चढतो. म्हणजे दवाखान्यात जायचे तर दोन माणसांची दिवसाची मजुरी बुडते, वर खाड्याचे कर्ज वाढते. हा हिशेब न सोडवता ‘लवकर दाखवा’ म्हणणे पोकळ आहे. मुकादमाला विचारायचा प्रश्न एकच : टोळीला मोकळा दिवस कधी मिळतो? कारखाना साफसफाईसाठी किंवा बिघाडाने बंद राहतो तेव्हा, किंवा उसाचा एक फड (तोडीचे शेत) संपून दुसरा लागायचा असतो तेव्हा. तो दिवस आठवडाभर आधी कळत नाही, पण आदल्या संध्याकाळी मुकादमाला कळतो. म्हणून दवाखान्याशी ठरवताना तारीख मागायची नाही, ‘आदल्या रात्री फोन करू, सोमवार ते शुक्रवार कधीही येऊ’ एवढी कबुली घ्यायची. इथल्या मुकादमाने मान डोलावली आणि स्वतःहून म्हणाला, “गाडी लागली तर सांगा, ताई. पण खाडा माझ्या हातात नाही, वरून धरतेत.” त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. वाटाघाट करून महिन्यातला एक दवाखान्याचा दिवस बिनखाड्याचा मिळवता येतो, मात्र तो सगळ्या टोळीसाठी एकत्र मागावा लागतो. एकट्या बाईसाठी मागितला की नकार ठरलेला.

बोलण्याची सुरुवात ‘कॅन्सर’ या शब्दाने केली नाही. तो शब्द आला की पुढचे काही कानात शिरत नाही, बायका पदर तोंडाला लावून उठून जातात. सुरुवात तोंडापासून केली, कारण तोंड सगळ्यांसमोर उघडता येते. “तिखट खाल्लं की कोणाच्या तोंडाची आग होते?” यावर हात वर होतात. मग “तीन बोटं उभी करून तोंडात घालून बघा.” स्वतःची तीन बोटे एकमेकांवर उभी धरून समोरच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये बसली पाहिजेत. दोनच बसली तर गालाची आतली कातडी आखडू लागली आहे. गुटखा, मावा, सुपारी खाणाऱ्या तरुण पोरांत हे हमखास सापडते आणि ती पोरे एकमेकांची बोटे मोजू लागली की भाषणाची गरज उरत नाही.

किती दिवसांपासून आहे हे विचारताना आठवडे विचारू नयेत. फडात रविवार-सोमवार नसतो, उत्तर ‘झाले की बरेच दिवस’ असे येते. पण आठवडी बाजार सगळ्यांना आठवतो, कारण त्या दिवशी किराणा भरायचा असतो. म्हणून नियम असा सांगितला : तोंडातली जखम किंवा चट्टा दोन बाजार उलटून गेले तरी बरा झाला नाही, तर दाखवायचा. चौदा दिवसांचा हिशेब यात आपोआप बसतो. पुढच्या कोपीत आपण पोचायच्या आधी हे वाक्य पोचलेले असते.

तपासणीचा क्रम ठरलेला असावा, नाहीतर एखादी जागा राहतेच. तोंडातली पुडी थुंकून चूळ भरायला लावायची. तंबाखूचा रंग बसलेला असला तर खालची कातडी दिसत नाही. मग विचारायचे, “पुडी कुठल्या बाजूला धरता?” ती जागा आधी बघायची. बहुतेकदा खालचा ओठ आणि हिरडी यांमधली खाच, नाहीतर गालफड. दोन पट्ट्यांनी गाल बाहेर ओढून मागच्या दाढेपर्यंत उजेड टाकायचा. मग दुसरा गाल, हिरड्या, टाळू. जीभ गॉझमध्ये धरून पुढे आणि बाजूला ओढायची, म्हणजे कडेचा मागचा भाग दिसतो. जिभेखालची जागा बघायला टाळूला जीभ लाववायची. शेवटी जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बोटांनी चाचपायचे. एकाला तीन मिनिटे लागतात. घाई केली की जिभेची कड सुटते, आणि नेमकी तीच जागा सुटता कामा नये.

एक गृहस्थ, चाळिशीचे, मागे उभे होते. दुखत काही नाही म्हणाले. डाव्या गालफडात, पुडी धरायच्या जागी, रुपयाच्या नाण्याहून लहान पांढरा चट्टा, खडबडीत, त्याच्या मध्यावर तांबूस ठिपका. गॉझने पुसला, गेला नाही. पुसला गेला असता तर अन्नाचा थर किंवा बुरशी म्हणता आली असती. नुसत्या पांढऱ्या चट्ट्यापेक्षा लाल किंवा पांढऱ्यात मिसळलेला लाल जास्त धोक्याचा, आणि दुखत नाही हे समाधानाचे कारण नव्हेच, सुरुवातीला तो दुखतच नसतो. चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीवर रोगाचे नाव टाकायचे नाही. ‘डावा गाल, न पुसला जाणारा पांढरा-लाल चट्टा, दाताच्या डॉक्टरांना किंवा कान-नाक-घसा विभागाला दाखवणे, तुकडा तपासणीचा (बायॉप्सीचा) विचार व्हावा’ असे लिहायचे. आकृतीत नेमकी जागा फुली मारून दाखवायची, नाहीतर दवाखान्यात गर्दीत दुसरा गाल बघून परत पाठवतात.

उलट, विनाकारण घाबरवणाऱ्या गोष्टीही शिकून ठेवाव्या लागतात. दात मिटतात त्या रेषेत गालावर दोन्हीकडे सारखी पांढरी रेघ असते, ती सर्वांना असते. जिभेच्या अगदी मागे मोठ्या दाण्यांची उलट्या ‘व्ही’सारखी रांग असते, तीही. तुटक्या दाताची धार लागून झालेली जखम असेल तर आधी धार घासून घ्यायची आणि दोन बाजारांनी पुन्हा बघायचे. नवशिक्या कार्यकर्त्याने या तिन्हींना चिठ्ठ्या दिल्या की दवाखाना पुढच्या वेळी आपल्या चिठ्ठीला किंमत देत नाही.

नुसत्या डोळ्यांनी केलेली ही तपासणी फुकट जात नाही, हे केरळात सिद्ध झाले आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले.

तिसरा दिवस : फडात

बायकांशी संध्याकाळी बोलणे होत नाही. त्या वेळी त्या चुलीपाशी असतात, पाणी भरत असतात, आणि नवरा दोन हातांवर बसलेला असतो. त्यांची वेळ फडात, सकाळी भाकरी खायला बसतात ती वीस-पंचवीस मिनिटे. पुरुष गाडी भरण्याच्या बाजूला असतात. म्हणून पथकातल्या दोघी नर्सताई पहाटेच टोळीबरोबर गेल्या. सोबत कणकेचा गोळा, पातळ फडक्यात गुंडाळलेला. आत तीन वस्तू दडवलेल्या : शेंगदाणा, सुपारी, लिंबू. रबरी नमुना महाग असतो आणि बायका त्याला हात लावायला लाजतात. कणीक मळायला कोणी लाजत नाही.

गोळ्यावर तीन बोटांची पेरे ठेवायची, बोटांची टोके नाही. टोकांनी टोचत गेले की सगळीकडे गाठीच लागतात. आधी हलका दाब, मग मध्यम, मग फासळीपर्यंत जाईल असा. वरून खाली पट्टे ओढत जायचे, गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालपर्यंत आणि छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत. काख विसरायची नाही. पाळी सुरू असेल त्यांनी पाळी आल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसात पाहावे, आधी पाहिले तर स्तन भरलेले असतात आणि नसत्या गाठी हाताला लागतात. लिंबू सगळ्यांना सापडते, सुपारी निम्म्यांना, शेंगदाणा एखादीलाच. सांगायचे ते इथेच : सुपारीएवढी असताना, म्हणजे दोनेक सेंटिमीटरची असताना आलात तर उपचार सोपा. लिंबाएवढी होईपर्यंत थांबायचे नाही. आणि गाठ दुखत नाही म्हणून थांबायचे तर मुळीच नाही.

अंगावर पिणारे पोर असलेल्या एकीने विचारले, दूध साकळलंय की काय ते कसं कळावं? प्रश्न अचूक होता. ताप, लाली आणि ठणका असेल तर बहुधा दूध साकळून झालेली सूज किंवा गळू. त्याचा उपचार लगेच करायचा. पण औषधाचा एक कोर्स होऊनही दोन बाजारांत गाठ विरली नाही, तर सोनोग्राफी झालीच पाहिजे. दूध पाजत असताना कर्करोग होत नाही, हा समज चुकीचा आहे. आणि तेल लावून गाठ चोळायची नाही, ‘जिरेल’ म्हणून दिवस काढले जातात ते याच चोळण्यात.

मग पिशवीचा, म्हणजे गर्भाशयाचा, विषय निघाला. तो काढावा लागत नाही, आपोआप निघतो. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे सहांत एक. कितीतरी जणींनी सांगितले की पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेलो, तर ‘पुढे कॅन्सर होईल’ म्हणून भीती घातली. लक्षणांची जागृती करायला निघालेल्या प्रत्येकाने हे आधी मनात पक्के करावे. अर्धवट सांगितलेले लक्षण शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेऊन सोडते, आणि तेही गरीब बाईलाच. त्यामुळे फडात हे शब्द जसेच्या तसे बोलले गेले : पांढरे जाणे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाने होते आणि औषधाने बरे होते. तपासणीशिवाय, तुकड्याच्या अहवालाशिवाय, कोणी पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या, सरकारी डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणायचे नाही.

कशाकडे दुर्लक्ष करायचे नाही? संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, घाण वासाचे किंवा रक्तमिश्रित पाणी जाणे. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा लाल दिसले, एकदाच का होईना, तर तिथे बाजार मोजायचेच नाहीत, पहिल्या मोकळ्या दिवशी दाखवायचे.

“माझी तर पिशवीच काढलीय, मला काय व्हायचं राहिलंय?” एक मावशी म्हणाल्या. या प्रश्नाचे उत्तर कागदात असते. काही शस्त्रक्रियांत पिशवीबरोबर तिचे तोंड, म्हणजे गर्भाशयमुखही, काढतात, काहींत ते तसेच राहते. गर्भाशयमुख राहिले असेल तर कर्करोगाची शक्यताही राहते आणि तपासणीही चालू ठेवावी लागते. म्हणून चिठ्ठीवर ‘पिशवी काढली आहे’ एवढे लिहून भागत नाही. डिस्चार्ज कार्ड आणायला सांगायचे. ते सापडले नाही तर नळीने एकदा आत पाहिले की डॉक्टरांना कळते. आणि स्तनांचा, तोंडाचा धोका तर पिशवीशी बांधलेला नाहीच.

मशेरीबद्दल वेगळे विचारावे लागते. “तंबाखू खाता का?” याला बायका खरेपणाने ‘नाही’ म्हणतात, कारण मशेरी त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू आहे. “मशेरी दिवसातून किती वेळा लावता, आणि किती वेळ तोंडात ठेवता?” असे विचारले की चार वेळा, पाच वेळा अशी उत्तरे येतात. भाजलेला असला तरी तो तंबाखूच.

चौथा दिवस : माळशिरसकडे

ठरलेल्या अड्ड्यावर पोचलो तर कोप्यांच्या जागी नुसत्या चुली आणि पाचट. फड संपला म्हणून टोळी आदल्या दिवशी हलली होती. हे होतेच. म्हणून चिठ्ठीवर अड्ड्याचा पत्ता कधी लिहू नये. गावाचे नाव, तालुका, स्वतःचा नंबर आणि गावाकडच्या एखाद्या नातेवाइकाचा नंबर, असे चार रकाने ठेवावेत. अड्ड्यावरच्या फोनचे रिचार्ज संपते, गावाकडचा लागतो. नवी टोळी दुपारी सापडली, संध्याकाळी काम झाले, पण निम्मेच.

तिथे खोकल्याचे बरेच जण निघाले. दोन आठवड्यांचा खोकला म्हणजे आधी थुंकीची तपासणी, टीबीसाठी. ती टाळून कर्करोगाचे बोलू नये. मात्र औषध घेऊनही खोकला हटत नसेल, थुंकीत रक्त येत असेल, आवाज तीन बाजार होऊनही बसलेलाच असेल, किंवा भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसेल, तर ‘चालू आहे की औषध’ म्हणून सोडून देऊ नये. घास अडकणारा माणूस हळूहळू भाकरी कुस्करून, मग पेज, मग नुसते पाणी असा उतरत जातो आणि त्याला स्वतःलाच ते जाणवत नाही. “सहा महिन्यांपूर्वी काय खात होता?” हा प्रश्न विचारला की ध्यानात येते.

पाचवा दिवस : दवाखाना

कारखाना बंद राहिला आणि दुसऱ्या दिवशीच्या अड्ड्यावरच्या मुकादमाचा रात्री फोन आला. सातजण निघाले. बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे, मार्च २०२३ पासून. तरी गाडी केली, कारण बाह्यरुग्ण विभागाची वेळ पाळणे हा दिवसाचा निम्मा जीव. दुपारी बारानंतर पोचले की केसपेपर मिळतो आणि डॉक्टर मिळत नाही. मग माणूस घरी जाऊन सांगतो, ‘गेलतो, कोणी बघितलं नाही,’ आणि ती गोष्ट सगळ्या टोळीत पसरते.

दवाखान्यात तीन ठिकाणी माणूस गळतो. पहिले, गोळ्यांवर : जखम पाहून जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि मलम देतात, ‘पंधरा दिवसांनी या’ म्हणतात. एकदा हे ठीक. दुसऱ्यांदा तेच दिले तर चिठ्ठी पुढे करून विचारायचे, “तुकडा कधी घेणार?” दुसरे, तुकड्यावर : सुई टोचली, तुकडा काढला, की रोग पसरतो ही भीती खोल आहे. तसे होत नाही. तुकडा काढल्याशिवाय नाव कळत नाही, आणि नाव कळल्याशिवाय उपचार ठरत नाही. तुकडा घेतल्यावर सोबत्याने एक गोष्ट बघावी : तो १० टक्के फॉर्मालिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रावणात गेला का. घाईत सलाइनमध्ये टाकलेला तुकडा खराब होतो आणि माणसाला पुन्हा बोलवावे लागते, तो येत नाही. नाव बाटलीवर लिहायचे, झाकणावर नाही. झाकणे बदलतात. तिसरे, अहवालावर : अहवाल येतो, कपाटात पडतो. तो कोण आणणार, कोणत्या दिवशी, हे त्याच दिवशी चिठ्ठीच्या मागे लिहून घ्यायचे.

त्यांच्यातल्या दोघींची गर्भाशयमुखाची तपासणी तिथल्याच नर्सने केली. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार ३० ते ६५ वयाच्या बाईची ती दर पाच वर्षांनी व्हायची असते. नळी घालून पाच टक्के ॲसेटिक आम्लाचा बोळा लावतात आणि पूर्ण एक मिनिट थांबतात. आधी पाहिले तर पांढरा डाग उमटलेला नसतो. पाळी चालू असताना करत नाहीत, आणि पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या बाईत ती फारशी उपयोगी पडत नाही, कारण बघायचा भाग आत सरकलेला असतो. डाग उमटला म्हणजे कर्करोग झाला असे नाही, हे वाक्य तपासणीच्या आधी सांगायचे. नंतर सांगितले तर ते समजूत घातल्यासारखे वाटते. मुंबईच्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या, थोडक्या प्रशिक्षणाने तयार झालेल्या आरोग्यसेविकांनी ही तपासणी केली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हा टाटा स्मारक केंद्राचा अभ्यास, निष्कर्ष २०१३ साली मांडले गेले. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ५२ गावगटांतल्या १,३१,७४६ बायकांच्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) तपासणीने असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या भागातल्या बायकांनी जगाला हे दाखवून दिले, त्याच भागातल्या ऊसतोड बाईपर्यंत ही तपासणी अजून पोचू नये, हे सहन होण्यासारखे नाही.

कागदांचे : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि कर्करोगाचे उपचार त्यात बसतात. पण रेशनकार्ड गावाकडे म्हाताऱ्यांपाशी असते, त्यांना धान्य आणायचे असते. निदान झाल्यावर ते मागवायला आठ दिवस जातात. म्हणून चट्टा दिसला त्याच दिवशी गावाकडून रेशनकार्ड आणि आधारचा फोटो मागवून ठेवायचा, आणि मूळ कागद कोणाबरोबर येणार तेही विचारायचे. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, टेबल असतो. तिथे सगळ्यात आधी जायचे, बिल झाल्यावर नाही.

त्या चाळिशीच्या गृहस्थांचा तुकडा घेतला गेला. दोघा पोरांना, ज्यांच्या तोंडात दोनच बोटे बसत होती, सुपारी आणि गुटखा बंद करून तोंडाचे व्यायाम आणि दर तीन महिन्यांनी तपासणी सांगितली. दूध साकळल्याचे विचारणाऱ्या बाईच्या गाठीची सोनोग्राफी झाली. ते गळूच होते.

सहावा दिवस : पाटोदा तालुका

बार्शीवरून भूममार्गे वर. बालाघाटाच्या या बाजूला जानेवारीतच रान उघडे पडलेले असते आणि गावात फक्त म्हातारी माणसे, शाळेची पोरे. इथे येण्याचे काम एक : चिठ्ठ्यांची तिसरी प्रत आशाताईंच्या हातात देणे. पण म्हाताऱ्या भेटल्याच आहेत तर त्यांच्याशी बोलणे होते. त्यांच्यातल्या एकीने, सगळ्या उठून गेल्यावर, हळूच सांगितले की दिवाळीपासून लुगड्याला डाग पडतात. पाळी जाऊन पंधरा वर्षे झालेली. ‘या वयात कोणाला सांगू’ म्हणून गप्प बसलेली. अशा बाईला चिठ्ठी देऊन चालत नाही, तिला एकटीला एसटीत बसता येत नाही आणि मुलगा-सून फडात आहेत. आशाताईने सोमवारची ग्रामीण रुग्णालयाची वेळ घेतली, सोबत शेजारणीला तयार केले.

चिठ्ठ्या गावांनुसार लावून वहीत चिकटवल्या. प्रत्येकीसमोर तीन रकाने : तपासणी झाली का, अहवाल आला का, पुढे कुठे. रिकामा रकाना लाल पेनाने गोल करायचा आणि एप्रिलमध्ये टोळी परतली की त्या घरी आधी जायचे. गालफडातल्या चट्ट्याचा अहवाल पुढच्या गुरुवारी यायचा आहे. तो आशाताईचा पुतण्या आणणार आहे. अड्ड्यावर फोन करायचा तो संध्याकाळी साडेसहानंतर, त्याआधी सगळे फडात असतात.